फॉइलच्या पुड्यातले बटाटे आणि बेकन : बटाटा कच्चा राहू नये, बेकन करपू नये

जानेवारीत पवनेच्या काठी आम्ही अकरा जण होतो. शेगडी झकास पेटलेली, पुडे पाऊण तास निखाऱ्यांवर. भाच्याने पहिला पुडा उघडला आणि म्हणाला, "मामा, बटाटा करकरतोय." खाली बेकनच्या काळ्या पट्ट्या फॉइलला चिकटून बसलेल्या आणि वर बटाट्याच्या जाड फोडी आतून पांढऱ्या, कच्च्या. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, ट्रेकच्या ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी हा पदार्थ करून पाहिला, त्यांच्याकडून मी हीच तक्रार ऐकत आलोय. चूक सगळीकडे एकच असते. दोन वेगवेगळ्या वेगाने शिजणारे जिन्नस एकाच वेळी, एकाच अवस्थेत पुड्यात कोंबले जातात.

हातात सुरी घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बंद फॉइलच्या आत पदार्थ मुख्यतः वाफेवर शिजतो. मोदकपात्रात उकडतो तसाच, फक्त भांडं पातळ पत्र्याचं. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे पुड्यातला ओलावा संपेपर्यंत आतलं तापमान त्याच्या फार वर जात नाही. बटाट्याला मऊ व्हायला तेवढी उष्णता पुरते, पण वेळ लागतो. बेकनला कुरकुरीत व्हायला १४० अंशांच्या पुढची कोरडी आच लागते आणि ती बंद पुड्यात मिळत नाही. मिळते फक्त तळाला, जिथे फॉइल निखाऱ्याला टेकतं. तिथे मात्र ते करपतं. पुढचे सगळे टप्पे याच्यावरच आधारलेले आहेत.

चार पुड्यांसाठी (चार माणसं, पोटभर) : बटाटे ८०० ग्रॅम, बेकन २०० ग्रॅम, मध्यम कांदे २, लसणाच्या पाकळ्या ८ ते १० सालासकट, भरड कुटलेली मिरी एक चमचा, लागलंच तर दोन चमचे बटर किंवा तेल. मीठ यादीत मुद्दाम घातलेलं नाही.

टप्पा १ : खरेदी

बटाटा. मंडईत किंवा मार्केट यार्डात भाजीवाले इंदूरचा, आग्र्याचा, तळेगावचा अशी नावं सांगतील. नावावरून ठरवू नका, नखाने ठरवा. साल नखाने सहज सुटली तर बटाटा नवा, त्यात पाणी जास्त, त्याच्या चकत्या शिजल्यावरही अखंड राहतात. साल जाड आणि घट्ट असेल तर साठवणीतला, पिठूळ. तो लवकर मऊ होतो, पण कडा फुटून लगदा व्हायचा धोका असतो. पुड्यासाठी मी नवा घेतो. सगळे बटाटे एका आकाराचे, मुठीपेक्षा लहान निवडून घ्या. भाजीवाला कुरकुर करेल, करू द्या.

हिरवट झालेले, कोंब फुटलेले बटाटे घेऊ नका. घरातल्या टोपलीत एखादा हिरवा निघाला तर हिरवा भाग खोलवर कापून टाका आणि चव कडू लागली तर अख्खा फेका. बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नका. गारठ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग आचेवर ते शिजायच्या आधीच काळपट पडतात.

बेकन. कॅम्पात पोर्क विकणाऱ्या दुकानांत सुटं मिळतं, मोठ्या सुपरमार्केटात गोठवलेली पाकिटं मिळतात. पोटाकडच्या मांसाचं, चरबी आणि मांसाचे आळीपाळीने पट्टे असलेलं घ्या. त्याला स्ट्रीकी म्हणतात. पाठीकडच्या बेकनमध्ये चरबी कमी असते आणि या पदार्थात बटाट्याला चव आणायचं काम चरबीच करते. चिकन बेकन चालतं का, असं खूप जण विचारतात. चालतं, पण त्यातून जवळजवळ काहीच चरबी सुटत नाही, म्हणून माणशी एक चमचा बटर वाढवा.

आणखी एक. पाकिटावर धुरावलेलं असल्याचं लिहिलं असलं तरी बेकन सहसा कच्चंच असतं. पाकिटातून काढून तसंच तोंडात टाकू नका.

फॉइल. पोळ्या गुंडाळायचं साधं फॉइल ११ मायक्रॉनच्या आसपासचं असतं. निखाऱ्यावर चिमट्याचं एक टोक लागलं की ते फाटतं. १८ मायक्रॉनचं मिळालं तर तेच आणा, नाहीतर साधं दुहेरी घ्या. चकचकीत बाजू आत की बाहेर, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. कारखान्यात दोन पत्रे एकत्र लाटताना आतली बाजू मंद राहते, एवढाच तो फरक. शिजण्यावर त्याचा परिणाम होत नाही.

टप्पा २ : आदल्या रात्रीची तयारी

गोठवलेलं बेकन रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. सकाळपर्यंत पट्ट्या एकमेकींपासून न फाटता सुटतात. ओट्यावर ठेवून वितळवू नका. पुण्यात एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर सहज पस्तिशी ओलांडतं. तेवढ्या उष्णतेत कच्चं मांस तासापेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये, आणि एरवीही दोन तासांच्या वर नाही. बाहेरगावी नेत असाल तर बर्फाच्या खोक्यात, तळाशी, वेगळ्या घट्ट डब्यात न्या. वरून कोथिंबीर-टोमॅटो ठेवलात आणि डबा गळला, तर ती कोशिंबीर टाकूनच द्यावी लागते.

तपासा : बेकन चिकट-बुळबुळीत लागतंय, आंबूस वास येतोय किंवा रंग करडा-हिरवा झालाय? टाकून द्या. ते धुऊन सुधारत नाही.

टप्पा ३ : बटाटा आधी, आणि एकसारखा

साल ठेवा किंवा काढा. नव्या बटाट्याची मी ठेवतो, फक्त माती नीट घासून काढतो. चकत्या ६ मिलिमीटर जाडीच्या करा, म्हणजे करंगळीच्या निम्म्या जाडीहून थोड्या कमी. इथे हात सैल सोडू नका. एक फोड ४ मिलिमीटरची आणि दुसरी १२ ची असेल, तर पहिलीचा लगदा होईल तेव्हा दुसरी अजून करकरत असेल. भाजीसाठी करतो तशा चौकोनी फोडी इथे उपयोगाच्या नाहीत, त्या आतपर्यंत शिजायला फार वेळ घेतात.

चकत्या गार पाण्यात दोनदा खळबळून घ्या. वरचा स्टार्च निघून जातो आणि पुड्यात त्या एकमेकींना चिकटून थप्पी होत नाही.

मग अर्धकच्च्या उकडा. उघड्या पातेल्यात पाणी उकळायला लागलं की चकत्या टाका आणि पुन्हा उकळी आल्यापासून चार मिनिटं मोजा. सुरीचं टोक कडेला सहज जावं, मध्याला अडावं. लगेच चाळणीत ओता आणि स्वच्छ पंचावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्या.

कुकर लावू नका. घाईत सगळे इथेच घसरतात. दोन शिट्ट्यांत बटाटा वड्याच्या सारणासाठी तयार होतो, आणि मग पुड्यातून कुस्करा निघतो.

उकडणं टाळता येतं का? ओव्हन असेल आणि हाताशी तास असेल तर येतं. निखाऱ्यावर करणार असाल तर टाळू नका. कोळसा शेवटपर्यंत एकसारखी आच देत नाही, आणि अंधारात, भुकेल्या माणसांसमोर बटाटा शिजायची वाट बघणं कठीण असतं.

टप्पा ४ : बेकनला तव्याची पहिली आच

या पदार्थातला सगळ्यात मोलाचा टप्पा हाच, आणि बहुतेक जण हाच गाळतात. मात्र मंडळींत पोर्क न खाणारे असतील तर बेकनचं पाकीट उघडण्याआधी टप्पा ५ उरका.

पट्ट्यांचे दोन-दोन इंचांचे तुकडे करा. गार तव्यात किंवा कढईत पसरा, तेल घालू नका, मग गॅस मंद करून पेटवा. तापलेल्या तव्यावर टाकलंत तर मांस आवळतं आणि चरबी आतच अडकते. मंद आचेवर आधी पांढरी चरबी काचेसारखी होते, मग कडा वर वळायला लागतात, तळाशी त्याच चरबीचं स्वच्छ तूप जमू लागतं. पाच-सहा मिनिटांत साधारण एवढं होतं. कडांना सोनेरी छटा दिसली की तुकडे काढा. अजून लवचिक असावेत. कुरकुरीत करू नका, त्यांना पुढे पुड्यात आणखी शिजायचं आहे.

तव्यात उरलेलं तूप वाटीत गाळून घ्या. कोरड्या चकत्या, कांद्याच्या जाड चकत्या, लसूण आणि मिरी त्यातच घोळवा. प्रत्येक चकतीवर चकाकी दिसली पाहिजे. तूप कमी पडलं तरच बटर.

सावध : मीठ घालायच्या आधी शिजलेल्या बेकनचा एक तुकडा चाखा. बेकन मिठात मुरवलेलं असतं आणि त्याचं मीठ तुपाबरोबर बटाट्यात उतरतं. मी चिमूटभरही घालत नाही. कांदा-लसूण मसाला वापरणार असाल तर मिठाचा विचारच सोडा, त्या मसाल्यात मीठ असतंच.

लिंबू, टोमॅटो, चिंच, दही यांतलं काहीही पुड्यात घालू नका. आंबट आणि खारट एकत्र आलं की तापलेल्या अॅल्युमिनियमला खातं. पत्र्यावर बारीक भोकं पडतात आणि तो धातू जेवणात उतरतो. लिंबू पानात वाढल्यावर पिळा.

टप्पा ५ : न खाणाऱ्यांचे पुडे

आपल्याकडच्या कुठल्याही दहा जणांच्या मेळाव्यात दोघं-तिघं पोर्क न खाणारे असतात, एखादं घर शाकाहारी असतं. त्यांचे पुडे सगळ्यात आधी भरा. बेकनचं पाकीट उघडण्यापूर्वी, वेगळ्या पाटावर, वेगळ्या सुरीने, तेल किंवा बटर घालून. पनीर किंवा मशरूम त्यात छान लागतात. त्या पुड्यांना वरून फॉइलची पीळ दिलेली शेंडी काढा. पेनाने लिहिलेलं नाव काजळीत दिसत नाही, शेंडी अंधारातही हाताला कळते. शेगडीवर त्यांचा कोपरा वेगळा ठेवा आणि चिमटाही वेगळा. ही काळजी पाहुण्यासमोर बोलून दाखवायची गरज नाही, पण ती घेतलेली असली पाहिजे.

टप्पा ६ : थर आणि घडी

रोलची रुंदी ३० सेंटिमीटरच्या आसपास असते. ४५ सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे एकावर एक ठेवा. मधोमध वाटीतल्या तुपाचं बोट फिरवा. मग या क्रमाने :

१. तळाला कांद्याच्या चकत्या. आच सगळ्यात जास्त तिथे लागते. कांद्यात पाणी असतं, आणि तो थोडा करपला तरी गोडच लागतो.
२. त्यावर बटाटे, दोन किंवा तीन थर, त्याहून जास्त नाही.
३. लसणाच्या पाकळ्या मध्ये खोचलेल्या. सोललेला, चिरलेला लसूण जळून कडू होतो.
४. सगळ्यात वर बेकन.

एकूण उंची तीन बोटांपेक्षा कमी ठेवा. अकरा जणांसाठी अकरा पुडे करायचा कंटाळा येतो म्हणून एकच मोठं गाठोडं बांधू नका. वेळ दुप्पट होतो आणि मधला भाग कच्चा राहतो.

घडी घालताना वाण्याची पुडी आठवा. लांब कडा वर आणून जुळवा, एक सेंटिमीटरची दुमड घाला, तीच दुमड आणखी दोनदा. पदार्थ आणि घडी यांच्यात दोन बोटं पोकळी राहू द्या, वाफेला जागा लागते. मग दोन्ही टोकं तशीच तीन-तीनदा दुमडून वर वळवा, म्हणजे तूप गळणार नाही.

तपासा : पुडा हातात घेऊन हलकेच तिरका करा. कुठून थेंब दिसला तर बाहेरून तिसरा पत्रा लावा. निखाऱ्यावर गळलेली चरबी भडका उडवते.

टप्पा ७ : आच

निखारे. लाकडी कोळसा घ्या, चार-सहा पुड्यांना दोन किलो पुरतो. दगडी कोळशावर अन्न शिजवू नका. पेटवायला कागद आणि सुक्या काटक्या, रॉकेल नको. कोळसे पेटल्यावर २५-३० मिनिटं थांबा. वर राखाडी-पांढरा थर येईपर्यंत जाळीवर काहीही ठेवायचं नाही. ज्वाळेवर ठेवलेला पुडा खालून जळतो आणि आतून गार राहतो. हुरड्याच्या आगटीतही कणसं खुपसतात ती ज्वाळा बसून धग उरल्यावर. इथेही तेच.

हाताची परीक्षा : जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. चार-पाच सेकंद धरवला तर आच बरोबर. दोन सेकंदांत काढावा लागला तर थोडे निखारे बाजूला सारा. आठ सेकंद आरामात धरवला तर कोळसा कमी आहे.

पुडे घडीची बाजू वर ठेवून मांडा. उकडलेल्या चकत्यांचे पुडे २० मिनिटांत होतात. पुडे पालथे करू नका, तूप गळेल. दर पाच-सात मिनिटांनी जागा बदला, मधले कडेला, कडेचे मध्ये. न उकडता भरले असतील तर ३५ मिनिटं आणि वर थोडे ताजे निखारे धरून चाला.

सावध : कोळशाची शेगडी खोलीत, तंबूत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कधीही ठेवू नका. विझत आलेली सुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत ऊब म्हणून शेगडी तंबूत ओढणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. गडावर किंवा वनविभागाच्या हद्दीत आगच लावू नका.

ओव्हन. ओटीजी २०० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. पुडे ट्रेमध्ये ठेवा. उकडलेल्यांना २५ मिनिटं, कच्च्या चकत्यांना ४० ते ४५.

गॅस. ओव्हन नसेल तर जाड बिडाचा तवा मंद आचेवर, त्यावर पुडे, वर खोलगट पातेलं पालथं. उकडलेल्या चकत्यांना २५ मिनिटं लागतात. बर्नरच्या ज्योतीवर पुडा थेट ठेवू नका, फॉइलला भोक पडून चरबी बर्नरमध्ये उतरते आणि पेट घेते. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल घालायचंच नाही, ठिणग्या उडतात.

महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांवर, करत असाल तर पाच-सात मिनिटं वाढवा. तिथे पाणी पुण्यापेक्षा अडीच-तीन अंश आधी उकळतं आणि बटाटा तेवढाच रेंगाळतो.

टप्पा ८ : शिजलं का, हे न उघडता पाहणं

दर पाच मिनिटांनी पुडा उघडून डोकावू नका. वाफ गेली की घड्याळ पुन्हा शून्यावर. लोखंडी सळई किंवा पातळ सुरी वरून, फॉइलमधूनच, मधोमध खुपसा. लोण्यात जावी तशी गेली तर झालं. मध्ये अडली तर भोकावर फॉइलचा छोटा तुकडा दाबून आणखी पाच मिनिटं.

परीक्षा बटाट्याचीच घ्यायची. पोर्क खायला सुरक्षित व्हायला आतून ६३ अंश पुरेसे असतात आणि मऊ बटाटा नव्वदीच्या पुढे गेलेला असतो. बटाटा शिजलाय म्हणजे त्याच पुड्यातलं, आधी तव्यावर परतलेलं बेकन नक्की शिजलेलं आहे.

टप्पा ९ : उघडून शेवटची पाच मिनिटं

पुडा उतरवून दोन मिनिटं थांबा. मग चेहऱ्यापासून लांबची घडी आधी, चिमट्याने उघडा. आतली वाफ एका झोतात बाहेर येते आणि मनगट भाजतं. मुलांच्या हातात बंद पुडा देऊ नका.

आता फॉइलच्या कडा खाली दुमडून त्याची उथळ वाटी करा आणि ती पुन्हा आचेवर ठेवा. ओव्हनमध्ये फक्त वरची कांडी चालू करून पाच ते सात मिनिटं, निखाऱ्यावर जरा जास्त. वाफ निघून जाते, तूप चुरचुरायला लागतं, बेकनच्या कडा गडद तांबूस होतात आणि बटाट्याला कुठेकुठे खरपूस ठिपके येतात. हा आवाज कानाने ओळखायला शिका. आधी फसफस ऐकू येते, म्हणजे पाणी आहे. मग बारीक चुरचुर, म्हणजे पाणी संपलं. चुरचुर सुरू झाल्यावर दोन मिनिटांत उतरवा. चीज घालायचं तर ते आता. लिंबू आणि कोथिंबीर पानात. सोबत पाव हवाच, तळाचं तूप टिपायला.

उरलं तर

शिजलेले बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. फॉइलच्या आत हवा कमी, ओलावा भरपूर आणि कोमट, अशा जागी बोटुलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका हॉटेलात फॉइलमध्ये भाजलेले बटाटे तसेच बाहेर ठेवले गेले, मग त्यांची चटणीसारखी बुडवण तयार केली, आणि ती खाऊन ३० माणसं आजारी पडली. दोन तासांच्या आत फॉइल काढा, स्टीलच्या डब्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. वास आणि चव बरी वाटली म्हणून रात्रभर बाहेर राहिलेलं खाऊ नका, हे विष वासाने कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ते तव्यावर, तेल न घालता, वाफ निघेपर्यंत परता आणि वर दोन अंडी फोडा. धरणाकाठी केलं असेल तर निखाऱ्यांवर पाणी ओता, राख हाताला गार लागेपर्यंत ढवळा आणि वापरलेलं फॉइल चुरगाळून पिशवीत घालून पुण्याला परत आणा. चरबी लागलेलं फॉइल उघड्यावर राहिलं तर रात्री कुत्री चाटता चाटता ते गिळतात.